जिंकलेल्या मुलखातली भरती

सटवाजी पुन्हा पळाला.

आंबेखोलचा हा सटवाजी म्हणजे काही खरा माणूस नव्हे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका चष्म्याच्या दुकानावर ‘बुरूज’ नावाचा गेम स्टुडिओ होता, आणि तिथे तयार होत असलेल्या ‘दख्खनचा डाव’ या खेळातला तो एक साधा शिपाई. खेळणाऱ्याने मुलूख जिंकायचा, किल्ला घ्यायचा आणि हरलेल्या शिबंदीला आपल्या फौजेत भरती करून पुढे निघायचं. इथवर सगळं छान चालायचं. पण भरती केलेले हे शिपाई पहिल्याच पावसाळ्यात एकेक करून पसार व्हायचे. पगार वाढवा, जमीन द्या, भर दरबारात शेला-पागोटं द्या, सटवाजी चार दिवस खूश असायचा आणि मग एका सकाळी छावणीतून गायब. खेळून बघणारे वैतागले होते. मग मुलूख जिंकून उपयोग काय, असं ते विचारत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

दुसऱ्या कंपन्यांच्या खेळांत ही अडचण आकड्याने मिटवलेली असते. जिंकलेल्या शिपायाची निष्ठा चाळीस, दर वर्षाला पाचने वाढणार, संपला विषय. ऋजुता चौगुलेला असल्या आकड्यांची चीड होती. खेळातल्या शिपायांची मनं घडवायचं काम तिच्याकडे होतं आणि या बाबतीत ती हट्टी होती. तिच्या प्रत्येक शिपायाला पोट होतं, घरची माणसं होती, खाल्लेल्या मिठाची आठवण होती, भीती होती आणि चारचौघांत मान मिळावा ही भूक होती. समोर प्रसंग आला की ही सगळी ओढाताण होऊन शिपाई स्वतः काय ते ठरवायचा. कुणी त्याला पळ म्हणून सांगत नव्हतं, त्यामुळे थांब म्हणूनही सांगता येत नव्हतं.

ही मनं आली कुठून, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. मोठ्या कंपन्या अशा कामासाठी हजारो माणसं भाड्याने आणून त्यांच्या चाचण्या घेतात. बुरूजची तेवढी ऐपत नव्हती. म्हणून स्टुडिओतली माणसंच दर शनिवारी दुपारी दरबार भरवायची. भडंगाची परात मध्ये ठेवायची, मनगटाला नाडी मोजणारा पट्टा बांधायचा आणि एकेकाने यंत्रासमोर खुर्चीत बसायचं. ‘तुझा किल्ला पडला. नवा सरदार तुला नोकरी देतोय. काय करशील?’ उत्तर द्यायचं, वाद घालायचा, शिव्या द्यायच्या. यंत्र फक्त उत्तर ऐकत नव्हतं. माणूस कुठे अडखळला, आवाज कुठे खाली गेला, आणि निवड करून झाल्यावर त्याने स्वतःची समजूत कशी घातली, हेही ते शिकत होतं. किती वर्षं हा दरबार चालला. सगळ्यांना मजा यायची. आपण आपलं मन फुकटात कुणाला तरी देऊन बसतोय, असं त्या भडंगाच्या परातीपाशी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग एका दुपारी ऋजुता आणि दिलावरभाई मिसळ खाऊन परतले, तर पडद्यावर सटवाजी अजून छावणीतच होता. खेळातले पावसाळ्यांमागून पावसाळे उलटले होते, पण गडी हलला नव्हता.

दिलावर मुजावर स्टुडिओचे ध्वनीवाले. ऋजुतापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. ऑर्केस्ट्रातली चालती नोकरी सोडून, ‘ही पोरगी कायतरी करणार’ एवढ्या भरवशावर ते तिच्याबरोबर आले होते. खेळातली गावं त्यांनी ऐकून-ऐकून उभी केली होती. कुठल्या गावात जात्याचा आवाज, कुठे घाणा, कुठे बाया कशा हाका मारतात, सगळं खरं.

“असं काय केलंय ह्याला?” ते म्हणाले.

दोघांनी मागे जाऊन पाहिलं. खेळ आपोआप चालत असताना यंत्राने सटवाजीला भरतीनंतरचं पहिलं काम दिलं होतं ते असं : आंबेखोलला जा आणि गावचं धान्य सरकारजमा कर. सटवाजी गेला. स्वतःच्या चुलत्याच्या दारात उभा राहून त्याने कणग्या रिकाम्या करवल्या. त्यानंतर पळून जायच्या किती संधी आल्या, पण तो गेला नाही.

ऋजुताने तोच प्रयोग हजारो सटवाजींवर केला. निकाल बदलेना. पगार, जमीन, मान, भीती, सगळ्यांचा असर काही काळाने उतरायचा. पहिलं काम आपल्याच माणसांवर, आणि तेही समोरासमोर करायला लावलं, की शिपाई कायमचा चिकटायचा. कारण शोधायला तिला आठवडा लागला, पण सापडलं तेव्हा ते अगदी साधं होतं. आपण केलं ते बरोबर होतं, असं माणसाला स्वतःला सांगावं लागतं, नाहीतर त्याला अन्न गोड लागत नाही. गावात गेलं तर चुलता तोंडावर थुंकणार. छावणीत मात्र त्याच कामाला कर्तव्य म्हणतात. मग माणूस जिथे आपल्याला चांगलं म्हणतात तिथेच राहतो, आणि त्या जागेसाठी जीवही देतो.

ऋजुता खुर्चीतून उठून नाचलीच. “सापडलं, दिलावरभाई! पहिल्या कामाचा नियम!”

“मला काय हे बरं वाटंना, ऋजू.”

“अहो, खेळ आहे.”

“खेळच हाय. पण सटवाजी कोण हाय? शनवारी त्या खुर्चीत कोण बसत होतं? आपणच की.”

ती हसली. दिलावरभाईंना सगळ्यातच कायतरी दिसतं, असं म्हणून तिने नियम खेळात घातला. खेळ तुफान चालला. जगभरातली पोरं आंबेखोल लुटू लागली.

दोन वर्षांनी बुरूज विकला गेला. ज्या पुण्याच्या गुंतवणूकदाराचे पैसे होते त्याने परस्पर सौदा केला आणि स्टुडिओला सकाळच्या चहाबरोबर बातमी कळली. घेणारी कंपनी सिंगापूरची. कंपन्या विकत घेणाऱ्यांना ‘विकत घेणे’ हा शब्द आवडत नाही. ते ‘सामावून घेणे’ म्हणतात. सामावून घ्यायला श्रेयस पै नावाचे गृहस्थ आले. चाळिशीचे, मृदू बोलणारे, मूळचे बेळगावचे. दारात चप्पल काढू का, असं विचारणारा माणूस. त्याचा राग येणं कठीण होतं.

“कोल्हापूरचं ऑफिस तुम्ही सांभाळावं, असं ठरलंय,” ते ऋजुताला म्हणाले. खोलीत दोघंच होते. “सगळे अधिकार तुम्हाला. माणसं नेमणं, काढणं, सगळं.”

“आणि काम काय करायचं?”

“एक छोटं काम आधी. दिलावर मुजावर. ध्वनीचं काम आता यंत्रं करतात, तुम्हाला माहीत आहे. शुक्रवारी त्यांना मोकळं करायचंय.” पैंनी कप खाली ठेवला. “मेल पाठवून नाही. तुम्ही समोर बसून सांगायचं.”

ऋजुताला कळायला एक क्षण लागला.

“हा माझा नियम आहे,” ती म्हणाली.

“हो. फार सुंदर नियम आहे.” पै मनापासून बोलत होते. “खेळ आम्ही विकूच. पण निव्वळ खेळासाठी एवढी मोठी कंपनी कोल्हापूरला कशाला येईल? एक कंपनी दुसरीला घेते आणि वर्षाच्या आत तिथली चांगली माणसं निघून जातात. जगभर हेच रडगाणं आहे. पगार वाढवून ती थांबत नाहीत. कशाने थांबतात, हे कुणालाच माहीत नव्हतं. तुमचा खेळ आला आणि त्यातला नियम आम्ही खऱ्या माणसांवर लावून पाहिला.”

“मी नाही म्हटलं तर?”

“तर दुसरं कुणीतरी सांगेल. तुमच्यावर राग धरणार नाही. पण तुम्ही नाही म्हणणार नाही, ऋजुता. तुमचे सगळे शनिवार आता आमच्याकडे आहेत.”

तिला संताप आला. “मला सगळं माहीत आहे, कळलं? मीच शोधलंय ते. माहीत असलेल्या माणसावर हे चालायचं नाही.”

“मलाही माहीत होतं,” पै म्हणाले. “बेळगावात माझी लहानशी कंपनी होती, तीही अशीच घेतली गेली. धाकटा भाऊ माझ्याबरोबर काम करायचा.” ते थांबले आणि बशीतलं बिस्किट उगाच सरळ करून ठेवू लागले. “आता तो माझ्याशी बोलत नाही. पण निर्णय बरोबर होता. मी त्यावर खूप विचार केलाय.”

ऋजुता उठली. दारापाशी जाऊन वळली. “दिलावरभाईंच्या बायकोचं डायलिसिस चालू आहे. कंपनीच्या विम्यावर.”

“तुम्ही शुक्रवारी काम केलंत तर विमा सहा महिने चालू ठेवतो.”

एका दमात. घासाघीस नाही, वरिष्ठांना विचारतो नाही. आपण काहीतरी मिळवलं, असं तिला वाटलं, आणि खाली जाऊन बिनचालकाच्या रिक्षेत बसेपर्यंत ते वाटणं टिकलं.

दिलावरभाईंचं घर बिंदू चौकाच्या मागे. शमीमभाभींनी दार उघडलं. अंगात काही राहिलं नव्हतं त्यांच्या, पण तोंड तसंच.

“ये गं. मी आत्ताच सासरहून आले. त्या मशीनशी माझं लग्न लागलंय न्हवं, आठवड्यातनं तीनदा नांदायला जाते. बस, चहा टाकते.”

“भाभी, तुम्ही बसा.”

“का? मेल्यावर बसायचंच हाय.” आणि त्या आत गेल्या.

ऋजुताने सगळं सांगितलं. पै काय म्हणाले, नियम, शुक्रवार. सांगताना तिला रडू फुटलं. “मी राजीनामा देते, दिलावरभाई. दोघं मिळून परत सुरू करू. एका खोलीत केलं होतं तेव्हा, आताही करू.”

स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज होत होता, तो दिलावरभाई ऐकत होते.

“तू न्हाई म्हणालीस तर मला कोण काढणार?”

“दुसरं कुणीतरी.”

“मग विमा?”

“मी केलं तर सहा महिने. नाहीतर लगेच बंद.”

“सहा महिने तूच मागितलेस का त्यांनी आपणहून दिले?”

“मी बोलले. त्यांनी लगेच दिले.”

दिलावरभाई हसले, पण त्यात आनंद नव्हता. “गुरं सोडली म्हण की.”

“म्हणजे?”

“तुला सांगितलं न्हवतं. तुझा नियम झाल्यावर मी आपला बघत बसायचो, कोण जास्त चिकटतंय ते. ज्या शिपायानं गाव लुटताना सरदाराकडं कायतरी मागून घेतलं, धान्य न्या पण गुरं सोडा म्हणाला, आणि सरदारानं सोडली, तो सगळ्यात पक्का. त्याला जन्मभर म्हणता येतंय ना, मी होतो म्हणून गुरं तरी वाचली. मला ते लई वंगाळ वाटलं. खेळात घालू दिलं न्हाई मी. पण यंत्रात असणारच ते. मशीन काय विसरतंय?”

“मग तर मी हे करणारच नाही.”

“करायचं,” ते म्हणाले. आवाज एकदम कडक झाला. “हे बघ ऋजू, शमीमला पुण्याच्या दवाखान्यात किडनीच्या यादीत लावलंय. नंबर येईल तवा विमा चालू पाहिजे. सहा महिने म्हणजे आमच्यासाठी लई झाले. तुझं मन स्वच्छ ऱ्हावं म्हणून मी ते सोडू का?”

ऋजुताने डोळे पुसले.

“आणि तुला माहीत हाय सगळं. तू काय सटवाजी न्हाईस.” ते तिची समजूत घालत होते की स्वतःची, कोण जाणे. “माझ्यासाठी कर. मी सांगतोय म्हणून कर.”

शमीमभाभी चहा घेऊन आल्या. तिघांनी तो प्यायला. चहात आलं जास्त झालं होतं आणि भाभी त्यावरून स्वतःलाच बोल लावत राहिल्या.

शुक्रवारी दिलावरभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. खोलीत कॅमेरा होता, तसा आदेशच होता. ऋजुताने ठरलेली वाक्यं म्हटली. आपलं योगदान, बदलती गरज, पुढील वाटचालीस शुभेच्छा. दिलावरभाईंनी मान हलवली आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ठीक आहे, मॅडम.” त्यांनी आयुष्यात तिला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. ते नाटक होतं, दोघांना माहीत होतं. पण काचेपलीकडे उभ्या असलेल्या पोरांना माहीत नव्हतं, आणि त्यांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर विमा गेला असता.

दुसऱ्या दिवसापासून जेवायला तिला कुणी हाक मारीना. ती आली की गप्पा थांबत. शनिवारचा दरबार बंद पडला. बुरूजसाठी घाम गाळणाऱ्या, प्रत्येकाच्या घरच्या लग्नाला जाणाऱ्या ऋजुताला आपल्याच ऑफिसात परक्यासारखं वाटायला लागलं. फक्त पै संध्याकाळी फोन करायचे. “जेवलात का? पहिले काही आठवडे जड जातात. तुम्ही जे केलंत ते कुणीतरी करायलाच हवं होतं, आणि तुम्ही ते माणुसकीने केलंत.” पहिल्यांदा तिने फोन कापला. नंतर ऐकून घेऊ लागली. पुढे पुढे तर सहा वाजले की फोनकडे नजर जायची. त्यात वाईट काय होतं? दिवसभरात तेवढं एकच माणूस तिच्याशी नीट बोलायचं.

सुरुवातीला ती दर रविवारी मुजावरांकडे जायची. तिथे कुणी तिला काही बोललं नाही. तेच कठीण होतं. भाभी आग्रहाने वाढायच्या, दिलावरभाई नव्या कामाची चौकशी करायचे आणि ऋजुताला घास उतरायचा नाही. हळूहळू रविवारी कामं निघू लागली. ऑफिस मात्र छान चाललं होतं. कामात जीव ओतला की बाकीचं सुचत नाही, आणि तिने जीव ओतला होता. नागपूरचा एक स्टुडिओ कंपनीने घेतला, तेव्हा तिथल्या प्रमुखाला पहिलं काम कोणतं द्यावं, हे यंत्राला विचारून तिनेच ठरवलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या चित्रकाराला समोर बसून काढायचं. त्याला एक वर्षाचं घरभाडं द्यावं, अशी सूचनाही तिचीच. पैंनी ती उचलून धरली. आपण आहोत म्हणून या कंपनीत थोडी तरी माणुसकी शिल्लक आहे, असं ऋजुताला त्या दिवशी फार खरेपणाने वाटलं.

सहा महिने संपत आले तेव्हा दिलावरभाई ऑफिसात आले. आधी फोन केला नव्हता. स्वागतकक्षातल्या नव्या मुलीने त्यांचं नाव लिहून घेतलं आणि त्यांना बसवून ठेवलं.

“पुण्यासनं फोन आला,” आत आल्याआल्या ते म्हणाले. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला होता. “शमीमच्या पुढं आता एक-दोनच माणसं हायत. दोन-तीन महिन्यांत होईल म्हणतात. तेवढा विमा पाहिजे, ऋजू.”

“विमा या महिन्याअखेर संपतोय.”

“ते माहीत हाय. सल्लागार म्हणून माझं नाव घाल. पगार नको, रुपया नको. नाव असलं की विमा चालू ऱ्हातोय, मी विचारून आलोय. ते तुझ्या सहीनं होतंय.”

होत होतं. वरती कुणाला विचारायची गरज नव्हती. अशी नावं कुणी तपासतही नव्हतं. ऋजुताला हे सगळं माहीत होतं, आणि तरी तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो “नाही.”

“नाही, म्हणजे काम नसताना नाव घालायचं, हे बरोबर नाही, दिलावरभाई. उद्या सगळेच येतील.”

“सगळे कशाला येतील? मी एकटा आलोय.”

“तुम्हाला सहा महिने मिळालेत. कुणालाच देत नाहीत तेवढे. मी भांडून मिळवलेत ते.” आपण भांडलो नव्हतो, हे या क्षणी तिला खरोखरच आठवत नव्हतं. “मी तुमच्यासाठी काय काय सोसलंय, माहीत आहे तुम्हाला? या ऑफिसात माझं तोंड कुणी बघत नाही. आणि तुम्ही आता मला खोटं करायला सांगताय. कंपनीने तुमचं काय वाईट केलंय?”

तिचा आवाज चढला होता. बाहेर एक-दोघांनी माना वर केल्या. दिलावरभाई तिच्याकडे बघत राहिले. पडद्यासमोर बसून ते शिपायांकडे बघायचे तसे.

“तुला असं सांग म्हणून त्यांनी सांगितलंय का?” त्यांनी हळू विचारलं. “तसं असलं तर मान हलव नुसती. मी समजून घेतो.”

“मला कुणी काही सांगितलेलं नाही.”

“बरं.” ते उठले. दारापर्यंत गेले, थांबले. “चूक माझीच, बाळ. मीच म्हणालो होतो कर म्हणून.”

ते गेले. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलेलं तिला काचेतून दिसलं. ऋजुताच्या छातीत काहीतरी दुखलं, आणि त्या दुखण्याचा तिला राग आला. एवढं करून शेवटी आपल्यालाच अपराधी वाटायला लावतात ही माणसं, असं ती मनाशी म्हणाली. मग ती शांत झाली. तिने पैंना संदेश लिहायला घेतला. माजी कर्मचारी दिलावर मुजावर यांनी आज कार्यालयात येऊन खोट्या नेमणुकीची मागणी केली. ते अन्य सहकाऱ्यांकडेही असा प्रयत्न करण्याची शक्यता आहे. तरी त्यांच्या कुटुंबाचा विमा महिनाअखेर न चुकता बंद होईल, याची कृपया मुख्य कार्यालयाने खातरजमा करावी.

तिने ते एकदा वाचलं, ‘कृपया’ काढून टाकलं आणि पाठवून दिलं. हे करायला तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं.